विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत नेताना

पाझर तलावाचं पाणी खालच्या विहिरींना खरंच मिळतं का? पुरंदर तालुक्यातल्या ज्या गावात मी प्रबंधाचं काम करत होते, तिथे हा प्रश्न जुनाच होता. तलाव 1972च्या दुष्काळी कामांवर बांधलेला. त्याच्या खालच्या अंगाला ओळीने विहिरी आहेत. काहींना उन्हाळ्यात दोन-चार तास मोटार चालेल इतकं पाणी राहतं, आणि त्यांना लागूनच असलेल्या काही माघातच तळ दाखवतात. पहिल्या भेटीत एका आजोबांनी सरळ विचारलं होतं, "ताई, तळ्याचं पानी माझ्या हिरीला येतंय का न्हाई, येवढंच सांगा."

पाणी कुठून आलं हे पाण्याच्याच रेणूंवरून ओळखता येतं, म्हणून मी हायड्रोजनच्या समस्थानिकांकडे वळले. साध्या हायड्रोजनचा एक जड भाऊ असतो, ड्युटेरियम. त्याचं वजन साध्याच्या दुप्पट. समुद्राच्या पाण्यात दहा लाख हायड्रोजन अणूंमागे साधारण 156 ड्युटेरियमचे सापडतात. पाणी उडतं तेव्हा हलके रेणू आधी सुटतात आणि जड मागे राहतात. खुद्द ड्युटेरियमचा शोधही याच मार्गाने लागला. हॅरॉल्ड युरी यांनी 1931 साली द्रव हायड्रोजन सावकाश उडवून जे उरलं त्यात तो पाहिला आणि 1934 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. फाल्गुन-चैत्रात उन्हाखाली पसरलेल्या तलावाच्या पाण्यातही तेच घडत असतं. पावसाचं पाणी मुरमातून थेट जमिनीत उतरलं असेल तर त्यावर बाष्पीभवनाची ही खूण जवळजवळ नसते. तलावात महिनोन्महिने थांबलेल्या पाण्यावर ती ठसठशीत असते. खालच्या विहिरीत ती दिसली, तर तलावाचं पाणी तिथपर्यंत पोचलं असं म्हणता येतं.

अडचणही यातूनच निघते. जी खूण मला मोजायची होती, तीच खूण बाटलीचं झाकण सैल राहिलं तरी उमटते. नमुना उघडा पडला की तो बाष्पीभवन झालेल्या तलावासारखा दिसू लागतो. म्हणून या कामात ड्युटेरियम मोजणाऱ्या यंत्राचा भाग शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा. खरी मेहनत त्याआधीची, आणि लिहायचं आहे ते तिच्याबद्दलच.

तयारी विहिरीच्या काठावरच सुरू होते. उघड्या विहिरीच्या पृष्ठभागावरचं पाणी घ्यायचं नाही, कारण वरचा थर स्वतःच उडत असतो. मोटार चालू करून पाइपातलं साचलेलं पाणी जाऊ द्यायचं. तापमान आणि विद्युतवाहकता स्थिर झाली की बाटली धरायची. बोअरला यासाठी विहिरीपेक्षा जास्त वेळ लागतो. बाटली जाड प्लास्टिकची, आत दाबून बसणारं बूच आणि वर आट्यांचं झाकण. त्याच पाण्याने ती तीनदा विसळायची. मग बादली भरू द्यायची, बाटली तिच्यात पूर्ण बुडवायची आणि पाण्याखालीच बूच लावायचं. वर काढल्यावर उलटी करून बघायची. आत हवेचा बुडबुडा दिसला, तर ओतून पुन्हा भरायची.

रासायनिक तपासणीच्या नमुन्यांत आम्ही आम्लाचे थेंब घालतो. इथे काहीही घालायचं नाही. आम्लातही हायड्रोजन असतो आणि तो पाण्यातल्या हायड्रोजनशी अदलाबदल करतो. फ्रीझरही टाळायचा, कारण पाणी गोठताना फुगतं आणि बूच उचललं जातं. बाटल्या थंड डब्यात, अंधारात आणि उभ्या ठेवायच्या. उन्हात तापलेल्या जीपच्या टपावर तर मुळीच नाही.

पावसाचा नमुना सगळ्यांत अवघड. विहिरीचं पाणी कशाशी ताडून बघायचं तर त्या भागातल्या पावसाशी. त्यासाठी शाळेच्या गच्चीवर नरसाळं आणि बाटली बसवली. महिनाभर पाऊस साठणार, आणि पुरंदर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे दोन सरींमध्ये ऊनही पडणार. साठलेलं पाणी उडू नये म्हणून पूर्वी बाटलीत पॅराफिन तेलाचा थर ठेवत. आम्ही दुसरा उपाय केला. नरसाळ्याची नळी बाटलीच्या तळापर्यंत नेली आणि तिचं टोक पाण्यात बुडलेलं ठेवलं. बाटलीतल्या हवेला बाहेर जायला लांब, अरुंद, गुंडाळलेली नळी दिली. पाण्याची मोकळ्या हवेशी गाठ फक्त त्या बारीक नळीच्या तोंडाशी पडते, त्यामुळे फारच थोडं उडतं. शिपाईमामांनी मुलांना त्या बाटलीपासून लांब ठेवलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीपासून जगभर असे मासिक पावसाचे नमुने गोळा केले, आणि त्या जाळ्यात मुंबईही होती. आपल्या गच्चीवरची बाटली त्याच पद्धतीची आहे, याचं मला मनापासून अप्रूप वाटत असे.

प्रयोगशाळेत बाटल्या पोचल्यावर पहिलं काम वजनाचं. गावात झाकण लावल्यावर बॅटरीच्या काट्यावर केलेलं वजन वहीत असायचं, ते इथे पुन्हा ताडून बघायचं. बाटलीतलं एक टक्का पाणी कोरड्या हवेत उडालं, तरी उरलेल्या पाण्याचं ड्युटेरियमचं माप साधारण एक दर हजारीने वाढतं. आमच्या मापनातली अनिश्चितता तेवढीच होती. एक टक्का म्हणजे 60 मिलिलिटरच्या बाटलीतून 0.6 मिलिलिटर, जेमतेम दहा-बारा थेंब. हा हिशोब एकदा स्वतः मांडला की झाकण लावताना हात आपोआप घट्ट पिळ देतो.

"दर हजारी" कशाच्या तुलनेत, हेही इथेच सांगते. पाण्यातलं ड्युटेरियमचं प्रमाण थेट आकड्यात मांडत नाहीत. ठरलेल्या प्रमाण-पाण्यापेक्षा ते हजारात कितीने कमी किंवा जास्त आहे, ते सांगतात. त्याला डेल्टा-डी म्हणतात आणि ‰ हे चिन्ह लावतात. प्रमाण-पाणी समुद्राच्या सरासरी पाण्याचं, व्हिएन्नाहून येणारं. प्रयोगशाळेत सगळे त्याला व्हीस्मॉव म्हणतात. त्याचं डेल्टा-डी शून्य धरलेलं आहे. दुसरं टोक म्हणजे अंटार्क्टिकाच्या बर्फाचं पाणी, स्लॅप, त्याचं मूल्य उणे 428‰. जगातली बहुतेक नैसर्गिक पाणी या दोन टोकांच्या मधे बसतात. तलावासारखी खूप उडालेली पाणी मात्र शून्याच्याही वर जाऊ शकतात.

पुढचं काम गाळणीचं. विहिरीच्या पाण्यात गाळ आणि शेवाळ असतंच. सिरिंजला 0.45 मायक्रॉनची गाळणी लावून ते गाळायचं. रसायनशाळेत पंपाने ओढून गाळण्याची सवय असते, पण हवेचा दाब कमी केला की पाणी जोरात उडतं, म्हणून इथे पंप वर्ज्य. सिरिंजमध्ये पाणी घेतलं की हवा बाहेर काढायची, पहिले काही थेंब टाकून द्यायचे आणि उरलेलं थेट लहान कुपीत सोडायचं. एका बोअरच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास होता. त्यात हायड्रोजन सल्फाइड असणार हे उघड होतं, आणि ते आमच्या प्लॅटिनमला निकामी करतं. त्या नमुन्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी स्वच्छ घासलेल्या तांब्याच्या तारेचे तुकडे टाकायला लावले. तार काळी पडली, वास गेला, मग नमुना पुढे सरकला.

हे प्लॅटिनम कशासाठी, हे समजायला मला जुनी पद्धत समजून घ्यावी लागली. यंत्राला पाणी चालत नाही, हायड्रोजन वायू लागतो. पूर्वी पाण्याचा प्रत्येक रेणू फोडून वायू करत. तापलेल्या युरेनियमवरून वाफ नेत, आणि नंतरच्या काळात जस्त वापरू लागले. आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांनी जस्ताची पद्धत वर्षानुवर्षं केली होती. त्यांनी काचेच्या नळ्या अजून जपून ठेवल्या आहेत. नळीत जस्ताचे दाणे घालायचे, जेमतेम एक थेंब पाणी सोडायचं, द्रव नायट्रोजनने ते गोठवायचं, हवा ओढून घ्यायची, नळी बंद करायची आणि भट्टीत साडेचारशे ते पाचशे अंशांवर ठेवायची. काका म्हणायचे, "थोडं जरी पाणी तसंच राहिलं ना, तर सगळं वाया. हलकं आधी फुटतं, जड मागं राहतं." आणि कुठलंही जस्त चालत नसे. ठरावीक ठिकाणचं, ठरावीक प्रकारचंच जस्त नीट काम करी, बाकीचं अर्धवट. काकांच्या हाताखाली मी ही पद्धत फक्त पाहिली, पण त्या पाहण्यामुळेच पुढचं सगळं कळलं.

प्लॅटिनमच्या पद्धतीत पाणी फोडावं लागत नाही. बंद कुपीत पाणी, वर थोडा हायड्रोजन वायू, आणि मधे प्लॅटिनम लावलेली छोटी काडी. एरवी पाणी आणि हायड्रोजन शेजारी शेजारी वर्षानुवर्षं राहिले तरी एकमेकांशी अणू बदलणार नाहीत. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ती अदलाबदल सुरू होते आणि तासाभरात समतोलाला येते. मग वरचा वायू मोजला की खालच्या पाण्याचं माप काढता येतं. कुपीतल्या वायूचं मूळ माप काय होतं, याने फरक पडत नाही. आम्ही 12 मिलिलिटरच्या कुपीत 200 मायक्रोलिटर पाणी घ्यायचो आणि वर हेलियममध्ये दोन टक्के हायड्रोजन भरायचो. हिशोब केला तर पाण्यातला हायड्रोजन वायूतल्या हायड्रोजनच्या हजारपटीहून जास्त भरतो. एवढ्या मोठ्या साठ्यापुढे वायूला पाण्याचंच माप स्वीकारावं लागतं.

स्वीकारतो तो आपल्या पद्धतीने. 25 अंशांवर समतोल झाला की पाण्यातलं ड्युटेरियमचं प्रमाण वायूतल्यापेक्षा जवळजवळ चौपट असतं. हा फरक प्रचंड आहे, आणि तो तापमानावर अवलंबून आहे. तापमान एक अंशाने बदललं तर वायूचं माप सुमारे 6‰ सरकतं. म्हणून कुपी ज्या धातूच्या ठोकळ्यात ठेवायच्या त्याचं तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत स्थिर हवं. एसीचा झोत थेट ठोकळ्यावर येऊ नये म्हणून आम्ही पुठ्ठ्याची आडोशी भिंत उभी केली होती. मॅडम सकाळी आल्या की आधी तापमानाची नोंद बघत, मग "गुड मॉर्निंग".

आता कुपी भरण्याचा दिवस. रिकाम्या कुपी आणि प्लॅटिनमच्या काड्या आदल्या संध्याकाळीच ओव्हनमध्ये वाळवायला ठेवलेल्या असत. काडी ओली राहिली तर मागच्या नमुन्याचं पाणी पुढच्यात येतं. ती प्लास्टिकवर्गीय, पाणी न धरणाऱ्या आधारावर बनवलेली असते, म्हणजे द्रव पाणी तिच्यावर पसरत नाही आणि फक्त वाफ पोचते. तरीही वाफेचा ओलावा राहतोच. चिमट्याने काडी कुपीत सोडायची, बोट लावायचं नाही. मग मायक्रोपिपेटने 200 मायक्रोलिटर पाणी कुपीच्या तळाशी सोडायचं आणि लगेच रबरी पडदा असलेलं झाकण पिळायचं.

इथे तो एक टक्क्याचा हिशोब पुन्हा आठवावा लागतो. बाटलीत एक टक्का म्हणजे दहा-बारा थेंब होते. कुपीत एक टक्का म्हणजे फक्त 2 मायक्रोलिटर. कोरड्या थंडीच्या दिवसांत कुपी उघडी ठेवून कुणाशी दोन वाक्यं बोललं तरी तेवढं उडू शकतं. पावसाळ्यात उलटं, खोलीतल्या दमट हवेची वाफ कुपीतल्या पाण्याशी अदलाबदल करू शकते. म्हणून भरताना दोघींनी बसायचं: एकीने पाणी सोडायचं, दुसरीने त्याच क्षणी झाकण पिळायचं. बाटलीचं बूचही प्रत्येक वेळी लगेच लावायचं. त्या वेळात कुणी बोलत नसे, आणि दारावर तशी पाटीच होती. पिपेटचं टोक दर नमुन्याला नवं, आणि नमुन्याच्या पाण्याने एकदा ओलं करून ते पाणी टाकून द्यायचं. या कामात वेग आणि सावकाशपणा दोन्ही लागतात, आणि हात बसायला वेळ द्यावाच लागतो. नव्या विद्यार्थ्यांना मॅडम आधी नळाच्या पाण्याच्याच कुपी भरायला लावत. सगळ्या कुपींची मापं एकसारखी येईपर्यंत खऱ्या नमुन्याला हात लावू देत नसत. मला ही शिस्त तेव्हाही योग्य वाटली, आजही वाटते.

झाकणं लागली की सुई पडद्यातून आत जाते आणि हेलियम-हायड्रोजनचं मिश्रण आतली हवा बाहेर ढकलतं. हवा राहिली तर तिच्यातला ऑक्सिजन प्लॅटिनमवर हायड्रोजनशी संयोग करतो आणि नवं पाणी तयार होतं. वायूचा झोत जाताना थोडी वाफही नेतो, ते टाळता येत नाही. उपाय एकच, प्रत्येक कुपीला तितकाच वेळ आणि तितकाच झोत द्यायचा. नमुना असो की प्रमाण-पाणी, वागणूक तीच. या सगळ्या पद्धतीचा जीव यात आहे असं मला वाटतं. जे काही चुकायचं ते दोघांचंही सारखंच चुकलं, तर तुलनेत ते गळून पडतं.

म्हणून प्रमाण-पाण्यांची तयारी नमुन्यांहून काटेकोर. व्हीस्मॉव आणि स्लॅप काचेच्या छोट्या बंद कुप्यांत येतात, आणि रोज वापरावीत इतकी ती मिळत नाहीत. त्यांच्याशी ताडून प्रयोगशाळा स्वतःची घरची प्रमाण-पाणी ठरवते. आमच्याकडे एक समुद्राच्या पाण्यापासून ऊर्ध्वपातनाने केलेलं, एक हिमालयातल्या बर्फाच्या पाण्याचं, आणि एक नळाचं, तपासणीसाठी. मोठ्या साठ्यातून ती लहान काचेच्या बाटल्यांत तोंडोतोंड भरून ठेवायची आणि एकदा उघडलेली बाटली दुसऱ्या फेरीला वापरायची नाही. प्रत्येक फेरीत सुरुवातीला, मधे आणि शेवटी दोन्ही टोकांची पाणी ठेवायची, म्हणजे यंत्र दिवसभरात किती सरकलं तेही कळतं. तिसऱ्या पाण्याचं मूल्य माहीत असूनही ते अनोळखी नमुन्यासारखं मोजायचं. ते चुकलं तर त्या फेरीतलं बाकी काहीच खरं धरायचं नाही.

नमुने ओळीने लावू नयेत, हे मॅडमनी आवर्जून सांगितलं. मी बाटल्या तलावापासून दूरच्या विहिरीपर्यंत अशा क्रमाने मांडल्या होत्या, कारण वहीत तसंच होतं. त्या म्हणाल्या, "क्रमाने लावलेस आणि यंत्र हळूहळू सरकलं, तर तुला तलावाचा परिणाम दिसेल आणि तो यंत्राचा असेल. चिठ्ठ्या टाक." मग खरोखर चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला, आणि काही नमुन्यांच्या दोन-दोन कुपी दूर दूर ठेवल्या.

यंत्राबद्दल थोडक्यात. वस्तुमान 2चा साध्या हायड्रोजनच्या दोन अणूंचा रेणू आणि वस्तुमान 3चा, एक अणू ड्युटेरियमचा असलेला रेणू, अशा दोन झोतांचं गुणोत्तर ते मोजतं. पण आत तीन साध्या हायड्रोजनांचा एक आयनही तयार होतो, त्याचंही वस्तुमान 3. तो वजा करायला रोज सकाळी वेगवेगळ्या दाबाचा वायू सोडून सुधारणेचा गुणक काढावा लागतो. आता बऱ्याच ठिकाणी लेझरवर चालणारी यंत्रं आली आहेत. त्यांना वायू करून द्यावा लागत नाही, पाणी थेट टोचलं की झालं. तरी तिथेही मागच्या नमुन्याचा अंश राहतो म्हणून पहिली काही टोचणं सोडून द्यावी लागतात, आणि मिठागरासारखं खारं पाणी वाफ करणाऱ्या कप्प्यात मीठ साचवतं. काठावरची बाटली, बूच, गाळणी आणि एक टक्क्याचा हिशोब तर तिथेही सुटत नाही.

ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचं मापही त्याच बाटल्यांतून घेतलं. हार्मन क्रेग यांनी 1961 साली दाखवलं की जगभरच्या पावसाची ही दोन मापं एका सरळ रेषेवर येतात, आणि त्या रेषेचा चढ 8 आहे. बाष्पीभवन झालेली पाणी या रेषेच्या खाली सरकतात आणि त्यांचा चढ 4 ते 5च्या आसपास राहतो. आमच्या गच्चीवरचा पाऊस क्रेगच्या रेषेला धरून आला. चैत्रातलं तलावाचं पाणी तिच्यापासून लांब गेलं होतं. बांधाच्या लगतच्या विहिरी त्या दोहोंच्या मधे, तलावाकडे झुकलेल्या. आणि आजोबांची विहीर पावसाच्या रेषेवर.

मी बाटलीचं वजन पुन्हा पाहिलं, दुसरी कुपी पाहिली, तपासणीचं पाणी पाहिलं. सगळं जागेवर होतं. मग त्यांना जाऊन सांगितलं की आबा, तळ्याचं पाणी तुमच्या विहिरीला येत नाही. तुमचं पाणी वरच्या माळावर मुरलेल्या पावसाचं आहे. त्यांनी विचारलं, मग शेजारच्या विहिरीला कसं येतं? ती तलावापासून त्यांच्या विहिरीइतकीच दूर. आम्ही दोन्ही विहिरी उतरून पाहिल्या. शेजारच्या विहिरीत मांजऱ्या खडकाचा पाझरता थर उघडा पडलेला आहे. त्यांच्या विहिरीत त्या पातळीला सलग काळा कातळ आहे. आबा तलावाच्या बाजूने आडवं बोअर मारायचा विचार करत होते. आता त्यांनी तो बेत बाजूला ठेवून माळावर चर आणि बांधबंदिस्तीचं मनावर घेतलं आहे.

एकच फेरी करून थांबता येणार नाही, हेही त्यांना सांगितलं. आश्विनात तलाव नुकता भरलेला असतो, पाणी अजून उडालेलं नसतं, आणि तेव्हा तलाव आणि पाऊस यांच्यात फरकच दिसत नाही. त्या वेळचे नमुने कितीही जपून भरले तरी या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाहीत. म्हणून पुढच्या बाटल्या होळीनंतर भरायच्या ठरल्या आहेत, आणि आबांच्या विहिरीच्या दोन जास्त.